गामेचा मुलूख

फ्रान्सच्या रेड वाइनवर मराठीत पुस्तक लिहायला घ्यायचे आणि विषय निवडायचा तो बोर्दोही नाही, बर्गंडीही नाही, तर बोजोले. या निवडीचा खुलासा प्रस्तावनेतच केलेला बरा. बोर्दो म्हटले की शॅटो आले, १८५५ सालची प्रतवारी आली, तळघरात वीस-तीस वर्षे मुरत पडलेल्या बाटल्या आल्या. बर्गंडीत तर बांध ओलांडला की जमिनीचा भाव बदलतो आणि बाटलीचाही. दोन्हीकडच्या वाइन थोर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांच्यावरची पुस्तके वाचताना असे वाटत राहते की वाइन ही लिलावात बोली लावण्याची, कुलपात ठेवण्याची आणि पाहुण्यांना लेबल वाचून दाखवण्याची वस्तू आहे; जेवणाचा विषय निघतो तो शेवटच्या प्रकरणात. बोजोलेत हा क्रम चालत नाही. इथली वाइन ताटापासून सुटी करून सांगताच येत नाही, कारण ती घडली तीच शेजारच्या एका खवय्या शहराच्या रोजच्या जेवणासाठी.

दुसरे कारण जरा भांडखोर आहे. वाइनच्या जाणकारांत हलकेपणाला कमी लेखण्याची जुनी खोड आहे. रंग गडद, टॅनिन भरपूर, ओकच्या पिंपाचा वास ठसठशीत, की वाइन गंभीर ठरते. रंग उजळ, चव ताजी आणि वास पिकल्या फळाचा असला की ती पोरखेळ. हा ग्रह मला मान्य नाही. हलकी आणि तरीही पोकळ नसलेली वाइन करणे हे कसबाचे काम आहे. बोजोलेच्या शेतकऱ्याला या ग्रहाची किंमत अनेकदा मोजावी लागली आणि एकदा तर त्याने स्वतःच तो खरा ठरवण्याचा चंग बांधला. ती हकिगत पुढे येईलच.

आधी मुलूख पाहू. ल्यों शहरातून उत्तरेकडे माकोंच्या दिशेने निघाले की उजवीकडे सोन नदीचे सपाट खोरे लागते आणि डावीकडे डोंगरांची रांग. या रांगेच्या पूर्व उतारांवर, साधारण ५५ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात, बोजोलेच्या द्राक्षबागा आहेत. प्रदेशाला नाव मिळाले ते डोंगरकुशीतल्या बोज्यू या गावावरून. मध्ययुगात तिथल्या सरदार घराण्याचा इथे अंमल होता. पश्चिमेकडून येणारा ओला वारा डोंगर अडवतात आणि सकाळचे ऊन उतारांवर थेट पडते. दक्षिण भागात चुनखडी आणि चिकणमाती. तिथल्या घरांचा दगड लोहाच्या अंशामुळे इतका पिवळाधमक दिसतो की त्या भागाचे नावच सोनेरी दगडांचा मुलूख असे पडले आहे. पर्यटकांचे कॅमेरे तिकडे वळतात. वाइनचा जीव मात्र उत्तरेत आहे, जिथे ग्रॅनाइट झिजून त्याचा मुरूम झाला आहे. मुरमाड जमिनीत पाणी साचत नाही, अन्नद्रव्येही बेताचीच, त्यामुळे वेलाला माजता येत नाही. गामे ही इथली द्राक्षाची जात मूळची माजणारी. हात सैल सोडला तर घडांनी लगडते आणि मग रसात गोडी कमी, पाणी जास्त. तिला ताळ्यावर ठेवायला अशी कंजूष जमीनच लागते.

या उत्तर भागातल्या दहा ठिकाणांना स्वतःच्या नावाने वाइन विकण्याचा मान आहे. फ्रेंचमध्ये त्यांना क्रू म्हणतात. उत्तरेकडून मोजत आले तर सँतामूर, ज्युलिएना, शेना, मुलँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरूब्ल, मॉरगों, रेन्ये, कोत द ब्रुयी आणि ब्रुयी. यांतले रेन्ये सर्वांत धाकटे, १९८८ साली दाखल झालेले. सँतामूरच्या नावात प्रेम असल्याने फेब्रुवारीच्या मध्यात त्याचा खप वाढतो, आणि त्यात वाइनच्या गुणाचा वाटा किती हे ज्याने त्याने ठरवावे. फ्लरीची वाइन खरोखर फुलांच्या वासाची, नाजूक. शिरूब्लच्या बागा सर्वांत उंचावर, म्हणून तिथली वाइन सर्वांत चपळ. पण या पुस्तकात अधिक पाने गेली आहेत ती मॉरगों आणि मुलँ-आ-व्हाँ यांवर. मॉरगोंमध्ये कोत द्यू पी नावाची टेकडी आहे. तिथला निळसर दगड हाताने चुरता येईल इतका कुजका, आणि त्यावरची गामे अशी काही दाटते की पाच-सात वर्षांनी तिच्यात चेरीच्या जागी माती आणि वाळल्या पानांचा वास येऊ लागतो. मुलँ-आ-व्हाँ हे नाव तिथल्या जुन्या पवनचक्कीचे. जमिनीत मँगनीजचा अंश आहे, आणि हीच वाइन इतकी टिकाऊ की चांगल्या सालची बाटली पंधरा वर्षांनी उघडली तर बर्गंडीच्या पिनो न्वारशी तिची गल्लत होऊ शकते. बोजोले टिकत नाही असे म्हणणाऱ्याला उत्तर देण्याची हीच एक पद्धत मला पटते.

पिनो न्वारशी होणाऱ्या या गल्लतीत इतिहासाचा एक विनोद दडलेला आहे. १३९५ च्या जुलैमध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने, ज्याला इतिहास 'धाडसी फिलिप' म्हणून ओळखतो, गामेविरुद्ध फर्मान काढले. ही जात दुष्ट आहे, दगाबाज आहे, तिची वाइन माणसाला अपाय करते, तेव्हा तिचे वेल उपटून टाकावेत, असा हुकूम होता. ड्यूकला आपल्या बर्गंडीच्या नावाची काळजी होती आणि त्या नावाचा आधार होता पिनो. शेतकऱ्याचा हिशोब निराळा. गामे लवकर पिकते, उत्पन्न जास्त देते, आणि वसंतातल्या हिमकडाक्यात पहिले डोळे जळाले तरी मागच्या डोळ्यांतून थोडेफार पीक हाती देते. प्लेगच्या साथींत माणसे कमी झालेल्या त्या शतकात कमी मजुरीत येणारे पीक त्याने का सोडावे? पुढे सहाशे वर्षांनी, १९९९ मध्ये, शास्त्रज्ञांनी द्राक्षांच्या जातींच्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध केली. तीत आढळले की गामे ही पिनोचीच संतती आहे. दुसरा पालक गुए ब्लाँ, म्हणजे गावठी, कोणी न विचारणारे पांढरे द्राक्ष. जगभर मिरवणारी शार्दोने ही याच दोघांची, गामेची सख्खी बहीण. ड्यूकने हाकलले ते घरातलेच लेकरू होते.

लोकप्रिय पुस्तकांत पुढचे वाक्य हमखास असते की बर्गंडीतून हद्दपार झालेली गामे मग तडक बोजोलेत आली. गोष्ट म्हणून हे छान आहे. बोजोले ड्यूकच्या अमलाबाहेर होते हे खरेच. १४०० मध्ये ते बोज्यूच्या सरदारांकडून बूर्बों घराण्याकडे गेले. पण इथल्या बागा खऱ्या अर्थाने पसरल्या त्या नंतर, सतराव्या-अठराव्या शतकांत, जेव्हा वाइनला गिऱ्हाईक मिळाले. एक गिऱ्हाईक पायथ्याशी, ल्यों. दुसरे लांब, पॅरिस. १६४२ मध्ये ब्रियारचा कालवा पुरा झाला आणि ल्वार नदी सेनला जोडली गेली. मग बैलगाड्यांनी पिंपे डोंगरापलीकडे ल्वारच्या काठी न्यायची आणि पुढे पडावाने पॅरिस गाठायचे, असा व्यापार सुरू झाला. जमीन बहुधा ल्योंच्या शेठसावकारांची, कसणारा गावचा, आणि पीक निम्मे-निम्मे. आपल्याकडच्या अर्धेलीसारखाच हा व्यवहार, आणि बोजोलेत तो अगदी विसाव्या शतकापर्यंत टिकला.

तिसरे प्रकरण रोगराईचे आहे. प्रकाशकांचे मत होते की ते लहान करावे. मी ते केले नाही, कारण नाशिक, सांगली, नारायणगावच्या बागाइतदारांपैकी कोणी हे पुस्तक हातात घेतले तर त्याचे बोट पहिल्यांदा याच पानांवर थांबेल. रोमानेश-तोराँ या गावात बनुआ राक्ले नावाचा गृहस्थ राहत होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पिराल या पतंगाच्या अळीने बागांचा फडशा पाडला होता. राक्लेच्या लक्षात आले की घराच्या भिंतीलगतचा, जिथे स्वयंपाकघरातले गरम पाणी ओतले जाते तिथला एक वेल तेवढा हिरवागार आहे. हिवाळ्यात खोडाच्या सालीखाली दडलेली अळी उकळत्या पाण्याने मरते, हे त्याने ताडले. शेजाऱ्यांनी आधी टवाळी केली, मग बंब आणि किटल्या घेऊन सगळा मुलूख थंडीत खोडे शेकायला निघाला. त्याच्या नावाचा उत्सव रोमानेशमध्ये ऑक्टोबरअखेर अजून होतो.

त्यानंतर भुरी आली. १८५० च्या दशकात तिने इतका कहर केला की ब्रुयीच्या डोंगरमाथ्यावर शेतकऱ्यांनी द्राक्षांच्या रक्षणासाठी मेरीमातेचे देऊळ बांधले. ते आजही तिथे आहे, आणि त्याचे नावच 'द्राक्षांची माता'. नवसाच्या जोडीने गंधकाची धुरळणीही सुरू झाली; भुरीवर गंधक हा तोडगा आपल्या बागाइतदाराला सांगायला नको. पुढचे संकट फायलॉक्सेरा, म्हणजे मुळे खाणारी माव्यासारखी कीड. ती अमेरिकेतून आली आणि उताराही अमेरिकेतूनच आला. अमेरिकी वेलाची मुळे तिला दाद देत नाहीत, म्हणून खुंट अमेरिकी ठेवायचा आणि त्यावर कलम गामेचे करायचे. शिरूब्लच्या व्हिक्तोर प्युलियाने हे कलम शेतकऱ्यांच्या गळी उतरवले आणि त्याचा पुतळा गावात उभा राहिला. नाशिकचा शेतकरी डॉगरीजच्या खुंटावर डोळा भरतो तो पाण्याच्या ओढीसाठी आणि खारपड जमिनीसाठी, फायलॉक्सेरासाठी नव्हे. पण खुंट अमेरिकी तो अमेरिकीच.

साम्य इथे संपते. बोजोलेची बाग हिवाळ्यात झोपते. पाने झडतात आणि उरतो तो गुडघ्याएवढा, चार-पाच फांद्यांचा बुटका वेल, तारेविना उभा. जुन्या पद्धतीने लावलेल्या बागेत असे दहा-दहा हजार वेल एका हेक्टरात असतात. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्यांनी त्याचे वर्ष आपणच आखून देतो. फ्रान्समध्ये ज्या दिवसांत वेल उघडाबोडका उभा असतो त्या दिवसांत आपल्याकडे मण्यांत पाणी भरत असते. हे ध्यानात घेतले म्हणजे फ्रेंच पुस्तकातला सल्ला जसाच्या तसा दिंडोरीत का लागू पडत नाही ते कळते.

आता टाकीकडे. बोजोलेच्या चवीचे निम्मे रहस्य जमिनीत आहे, तर निम्मे इथे. बहुतेक रेड वाइनसाठी मणी देठांपासून सोडवून चिरडतात आणि रस सालीसकट आंबवतात. बोजोलेत घड अख्खे टाकीत जातात. म्हणूनच तोडणी हाताने; यंत्राने मणी फुटतात. टाकीत तळाचे घड वरच्यांच्या वजनाने चेंगरतात, त्यांचा रस आंबू लागतो आणि कार्बन डायऑक्साइडने टाकी भरून जाते. वरच्या अख्ख्या मण्यांना प्राणवायू मिळेनासा होतो. मग यीस्ट आत न शिरताही मण्याच्या पेशींमध्येच एक वेगळी क्रिया सुरू होते. थोडी साखर, सुमारे दोन टक्के अल्कोहोल होण्यापुरती, आतल्या आत बदलते, बोचरे मॅलिक आम्ल कमी होते आणि सालीचा रंग गरात उतरतो. चार दिवसांपासून दहा-बारा दिवसांपर्यंत हे चालू देतात, मग दाबून रस काढतात आणि उरलेले किण्वन नेहमीप्रमाणे होते. बी आणि साल चिरडली न गेल्याने तुरटपणा कमी, आणि फळाचा वास मात्र भरघोस. हवेविना ठेवलेल्या द्राक्षाचे हे वागणे पाश्चरने एकोणिसाव्या शतकात नोंदले होते. बोजोलेचे शेतकरी मात्र कोणाची परवानगी न घेता पिढ्यान्पिढ्या हेच करत होते.

या पद्धतीची वाइन फार लवकर पिण्याजोगी होते, आणि नेमके तेच बोजोलेच्या मुळावर आले. सप्टेंबरात तोडलेल्या द्राक्षांची वाइन नोव्हेंबरात ल्योंच्या खाणावळींत पोचणे हा जुना रिवाज होता. १९५१ मध्ये सरकारने ठरलेल्या मुदतीआधी ती विकायला परवानगी दिली आणि 'बोजोले नूव्हो'चा अधिकृत जन्म झाला. व्यापाऱ्यांनी, त्यांतही जॉर्ज द्युबफ या अफाट कल्पक माणसाने, त्याचा उत्सव केला. पहिल्या बाटल्या कोण आधी पोचवतो याच्या शर्यती लागल्या. लंडनपर्यंत मोटारी धावल्या, विमाने उडाली. १९८५ पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा दिवस मुक्रर झाला. बोज्यूमध्ये आदल्या मध्यरात्री द्राक्षाच्या काटक्यांच्या मशाली घेऊन मिरवणूक निघते आणि पिंप फोडले जाते. घड्याळ फ्रान्सच्या पुढे असल्याने जपानमध्ये बाटली आधी उघडते. हाकोनेच्या एका स्नानगृहात तर लोक नूव्होच्या कुंडात उतरतात. 

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर यात वावगे काय? तोडणी झाल्यावर दोन महिन्यांत पैसा हातात. पण मागणी वाढली तसे उत्पन्न वाढवले गेले, साखर घालून अल्कोहोल चढवले गेले, आणि ठराविक यीस्ट वापरून सगळ्या नूव्होला एकच केळ्याचा वास येऊ लागला. नव्वदच्या दशकाअखेर गिऱ्हाईक कंटाळले. २००१ च्या हंगामातली लक्षावधी लिटर वाइन विकली न गेल्याने भट्टीत घालावी लागली. ल्योंच्या एका मासिकाने त्या वाइनविषयी अत्यंत शिवराळ शब्द छापला, उत्पादक कोर्टात गेले, आणि वाइनपेक्षा खटलाच जास्त गाजला. एके काळी वीस हजार हेक्टरांहून मोठा असलेला हा द्राक्षमळा आता पंधरा हजारांच्या आत आला आहे. सर्वांत वाईट हे की चांगली वाइन करणारे क्रूंचे शेतकरीही त्याच वासाच्या संशयात सापडले. त्यातल्या अनेकांनी लेबलावरून बोजोले हा शब्दच काढून टाकला. आजही मॉरगोंच्या बाटलीवर तो शोधावा लागतो. नूव्होवर मी पुस्तकात एकच प्रकरण दिले आहे, आणि तेही उत्सवाचे वर्णन म्हणून वाचावे. वर्षातून एकदा, थंड करून, गर्दीत, ती मजा आहे. त्यापलीकडे तिच्यावर रागावण्यातही अर्थ नाही.

ज्या काळात हा बाजार फुगत होता त्याच काळात ला शापेल-द-गँशे या गावात ज्यूल शोव्हे नावाचा वाइनचा व्यापारी आपल्या प्रयोगशाळेत उलट दिशेने विचार करत होता. १९०७ मध्ये जन्मलेला हा माणूस शिक्षणाने रसायनशास्त्राचा. नोबेलविजेते जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. त्याचे नाक विलक्षण होते आणि आग्रह साधा होता: द्राक्ष निरोगी असेल, टाकी स्वच्छ असेल, तापमान हाताबाहेर जात नसेल, तर बाहेरचे यीस्ट, साखर आणि गंधकाची मात्रा यांची गरज फारशी उरत नाही. १९८० च्या सुमारास मॉरगोंचा मार्सेल लापिएर त्याच्याकडे आला. त्याच्या मागोमाग ज्याँ फोयार, गी ब्रतों आणि ज्याँ-पॉल तेव्हने. कर्मिट लिंच या अमेरिकी आयातदाराने त्यांना 'चौकडी' म्हटले आणि ते नाव चिकटले. तणनाशक बंद, जुने वेल राखणे, घड एकेक निवडून घेणे, गंधक शक्य तितके कमी. आज पॅरिस, न्यूयॉर्क, टोकियोमध्ये नैसर्गिक वाइन म्हणून जे चालते त्याचा एक मोठा झरा बोजोलेत सापडतो. त्या नावाखाली आंबूस, ढगाळ, बिघडलेली वाइनही खपवली जाते, हेही सांगून टाकतो. शोव्हेला ती आवडली असती असे मला वाटत नाही. स्वच्छतेच्या बाबतीत तो कडक होता.

आणि आता ल्यों. या शहराबद्दलची जुनी थट्टा अशी की त्याला तीन नद्या आहेत: रोन, सोन आणि बोजोले. रेशीम विणणाऱ्या कामगारांचे, कान्यूंचे, हे शहर. रात्रभर मागावर बसलेला कान्यू सकाळी नऊच्या सुमारास जे खायला बसायचा त्याला माशों म्हणतात. सकाळच्या या जेवणात चहा-कॉफी नाही. सोसिसों म्हणजे वाळवलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज, कातडीचे आणि खुराचे तुकडे, मसुराची कोशिंबीर, चीज, आणि ४६ सेंटिलिटरच्या जाड बुडाच्या बाटलीतून, जिला 'पो' म्हणतात, ओतलेली बोजोले. जिथे हे मिळे त्या लहानशा खाणावळी म्हणजे बुशों. ल्योंच्या कठपुतळ्यांच्या खेळातले न्याफ्रों हे पात्रही चांभार आणि बोजोलेचा भक्त. नाकाचा रंग त्याची साक्ष. मोठ्या घरांत स्वयंपाक केलेल्या बायकांनी पुढे स्वतःच्या खाणावळी काढल्या. त्यांतल्या युजेनी ब्राझ्ये हिने १९३३ मध्ये दोन उपाहारगृहांना प्रत्येकी तीन मिशलँ तारे मिळवले. पुढे नामांकित शेफ झालेल्या पॉल बोक्यूजने तिच्याकडे उमेदवारी केली. गरिबाचा जिन्नस फेकायचा नाही आणि श्रीमंताच्या जिनसाला घाबरायचे नाही, ही तिथली पाककला.

बोजोले या ताटावर का बसते, त्याचे उत्तर वर टाकीजवळ येऊन गेले आहे. टॅनिन तोंडातल्या लाळेतली प्रथिने पकडते आणि जीभ कोरडी करते. भाजलेल्या बैलाच्या मांसापुढे ते हवे असते. पण ल्योंच्या ताटात आतडी आहे, काळीज आहे, पोच्ड अंडे आणि भाजलेल्या चरबीचे तुकडे घातलेली हिरवी पाने आहेत, त्यांवर व्हिनेगर आहे. जड टॅनिनची वाइन अंड्याच्या बलकापुढे कडवट होते आणि व्हिनेगरपुढे चिरकते. गामेत टॅनिन बेताचे आणि आम्ल भरपूर, म्हणून ती चरबी कापते, खारटपणाशी भांडत नाही आणि व्हिनेगरलाही पुरून उरते. माशोंच्या सोसिसोंबरोबर साधी बोजोले-व्हिलाज, म्हणजे क्रूंच्या खालच्या पायरीची वाइन. ब्रेसच्या कोंबडीबरोबर, साईच्या रश्श्यात शिजवलेली असेल तर, फ्लरी. वाइनमध्ये मुरवून शिजवलेल्या कोंबड्याबरोबर ज्युलिएना किंवा मॉरगों, आणि पातेल्यात तीच वाइन घालावी. शारोले जातीच्या गाईचे मांस, रानडुक्कर, अळंब्या असतील तर जुनी मुलँ-आ-व्हाँ. सँ-मार्सलँ हे मऊ, पसरणारे चीज कोणत्याही क्रूबरोबर चालते. आंदुयेत नावाचे आतड्यांचे सॉसेज मात्र पहिल्या भेटीत मागवू नये. त्याचा वास ताटाच्या आधी टेबलावर पोचतो, आणि तो ज्याला सोसतो त्याला वाइन कोणतीही चालते.

मराठी वाचक आपल्या स्वयंपाकघराचे काय, हे विचारणारच. तिखट आणि टॅनिन यांचे पटत नाही. मिरचीची आग टॅनिनने आणि चढ्या अल्कोहोलने भडकते. म्हणून आपल्या जेवणावर जड रेड वाइन ओतणाऱ्या हॉटेलांची मला गंमत वाटते. गामेला निदान आत शिरायला वाट मिळते. गोव्याचे चोरीस, त्यातले व्हिनेगर आणि डुकराची चरबी, यांच्यापुढे बोजोले-व्हिलाज अगदी घरची वाटते. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्याबरोबर फ्लरी, शेंगदाण्याच्या कुटाचे भरले वांगे बेताच्या तिखटाचे असेल तर ब्रुयी, एवढे मी ठामपणे सांगतो. तांबड्या रश्श्याला वाइनच्या फंदात पाडू नये. माशाच्या कालवणाला सोलकढी आहे, तिची जागा घेण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

पिण्यापूर्वी बाटली गार करावी. रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी हा नियम ज्या घरांत झाला ती घरे दगडी आणि थंड होती, मुंबईतली नव्हती. बोजोले १२ ते १४ अंशांवर उत्तम. मोठ्या क्रूंना दोन अंश जास्त चालतील. फ्रीजमध्ये तासभर ठेवून काढली की पुरते. पेला मोठा असला तर बरे, नसला तर अडत नाही. ल्योंमध्ये ती काचेच्या साध्या ग्लासातूनच प्यायली गेली.

पुस्तकात किमती दिलेल्या नाहीत. भारतात आयात वाइनवर वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिले आहे, त्यावर राज्याचे कर, त्यामुळे पॅरिसमधला आकडा मुंबईत छापणे म्हणजे वाचकाची थट्टा. फ्रान्सला, लंडनला किंवा दुबईला जाणे-येणे असणाऱ्यांसाठी दहा क्रूंची नावे फ्रेंच उच्चारांच्या जवळ जाणाऱ्या देवनागरीत, आणि प्रत्येकापुढे त्या गावाची जमीन व वाइनचा स्वभाव, असे कोष्टक मलपृष्ठाच्या आत छापले आहे. दुकानात उभ्या उभ्या पाहता येईल. प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचावीत. ज्यांना खुंट, भुरी आणि छाटणी यांत गोडी नाही त्यांनी तिसरे प्रकरण उलटून थेट बुशोंमध्ये शिरावे. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांनी उलट करावे, आणि राक्लेच्या गरम पाण्याचा प्रयोग आपल्या वेलावर करण्याआधी कृषी खात्याला विचारावे.